शिक्का काही बसेना

रविवार, ३ फेब्रुवारी २००८

आपण जिंकलो. हे एवढं वाक्य लिहिण्यासाठी मी ही डायरी काढली आहे. फॅक्टरीतून दर वर्षी एक मिळते, मुखपृष्ठावर ताकाचा ग्लास असतो आणि दर वर्षी माझी बायको माया तिच्यात भिशीवाल्या बायकांचे नंबर लिहून टाकते. यंदा मी ती आधीच ताब्यात घेतली. लढ्याचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवायला हवा आणि समितीचा सेक्रेटरी मीच आहे.

पुढच्या पिढ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चामटोली रस्त्यावरच्या आमच्या पारिजात अपार्टमेंटमधल्या बावीस घरांनी सुखछत्र फायनान्सकडून कर्ज घेतलं. एजंट म्हणाला, व्याजाचा दर शेवटपर्यंत हलणार नाही. करारात एकोणिसाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की कंपनीला वाटेल तेव्हा तो हलवता येईल. कंपनीला तसं फार वेळा वाटलं. हप्ता तोच ठेवून त्यांनी वर्षं वाढवत नेली. बुधाजीचं कर्ज तो चौऱ्याण्णव वर्षांचा झाल्यावर फिटणार होतं. बुधाजी म्हणजे ज्याच्या शेतावर ही बिल्डिंग उभी आहे तो. जमिनीच्या बदल्यात त्याला एक फ्लॅट मिळाला आणि तो गहाण टाकून त्याने टेम्पो घेतला.

सगळ्यात वाईट गत भिमाबाई मावशींची झाली. शाळेत आया म्हणून तीस वर्षं काढून, निवृत्तीचे सगळे पैसे घालून त्यांनी तळमजल्यावर एक खोली-किचन घेतलं. आजारपणात दोन हप्ते चुकले तर कंपनीने दारावर लिलावाची नोटीस चिकटवली. मावशींनी नोटिशीखाली रोज रांगोळी काढली. म्हणाल्या, आलेल्याला वाईट दिसू नये.

आता ग्राहक मंचासमोर तडजोड झाली आहे. प्रत्येक घराला मंचाचं एक हक्कपत्र मिळालं. ते घेऊन ३१ मार्चच्या आत कंपनीच्या उल्हासनगरच्या ऑफिसात जायचं, त्याच कागदावर कंपनीने सही-शिक्का मारायचा. मग दर पूर्वीसारखा, लिलाव रद्द, आणि घराचा मूळ करारनामा 'लवकरात लवकर' परत. मात्र ३१ मार्चच्या आत शिक्का बसला नाही तर कंपनी मोकळी आणि मावशींच्या घराचा लिलाव पुन्हा सुरू. पण शिक्का मारून घ्यायला कितीसा वेळ लागतो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. हक्कपत्रांची अवस्था बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. बुधाजीचं टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हात पिवळं पडत होतं. दुसऱ्या मजल्यावर एकाने त्यावर भजी ठेवली होती. मावशींचं गादीखाली होतं, घडीवर फाटायला आलेलं. मी ठराव मांडला की सर्व पत्रं सेक्रेटरीच्या ताब्यात द्यावीत, त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था मी करतो. ठराव टाळ्यांत मंजूर झाला.

मावशींनी मात्र पत्र हातातून लवकर सोडलं नाही. म्हणाल्या, "हरी, माझ्याकडं दुसरं काही नाही बरं का." मी म्हणालो, "मावशी, जिवापेक्षा जपीन."

घरी आल्यावर मायाने पुन्हा बादलीचा विषय काढला. फॅक्टरीतून आल्यावर मी हात न धुता नवी बादली उचलली, तर तिच्यावर माझा काळा पंजा उमटला आहे. रॉकेलने घासला, रेतीने घासला, जात नाही. एवढा मोठा लढा चालू असताना बाईमाणसाला बादली कशी सुचते, मला कळत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज आयुष्यातलं एक चांगलं काम झालं. सुट्टी टाकून उल्हासनगरला गेलो आणि बावीसच्या बावीस हक्कपत्रं लॅमिनेट करून आणली. माझं शाळा सोडल्याचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुलीचं, अस्मिताचं, पोलिओचं कार्ड, सगळं लॅमिनेट केलेलं आहे. आमच्या घरात कागद उघडा राहत नाही.

दुकानदार सिंधी, मोठा भला माणूस. "साईं, जाडावाला लावतो. पचास साल कुछ नहीं होगा. पानी में डालो, कुछ नहीं होगा." मी खरंच पाण्यात घालून बघितलं. काही झालं नाही. घाऊक काम म्हणून त्याने कडा गोल कापून दिल्या.

रविवार, १० फेब्रुवारी

पत्रवाटपाचा छोटा कार्यक्रम केला. मी दहा मिनिटं बोललो. लोकांनी पत्रं उलटसुलट करून पाहिली, वाकवून पाहिली. बुधाजी त्याने वारा घेत म्हणाला, "ओ सेक्रेटरी, ह्यो तर पंखाच झाला." मावशींनी लगेच त्यावर चहाचा कप ठेवून बघितला आणि फडक्याने पुसला. त्यांचा चेहरा इतका सुटलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

आता माया म्हणाली, "शिक्का कुठं मारणार?" मी म्हणालो, "पत्रावर." तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शिक्का बसत नाही.

मी आणि बुधाजी आधी रस्ता बघून यावा म्हणून गेलो होतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली जीन्स शिवायचा कारखाना, त्यामुळे जिना सगळा निळा. मॅनेजर गुरुदत्त साहेब म्हणून आहेत, गोड बोलणारे. त्यांनी माझं पत्र घेतलं, शिक्का उचलला, पॅडवर दाबला, पत्रावर मारला. शाईचे थेंब थेंब झाले. त्यांनी करंगळीने पुसलं, पत्र स्वच्छ. पुन्हा मारला, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला पुसायला दिलं.

"काका, माझा पर्सनल काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "पण जो शिक्का पुसला जातो तो शिक्का नाही. लॅमिनेशन काढून आणा, दोन मिनिटांचं काम आहे. एकतीस मार्चपर्यंत मी इथंच आहे."

हे म्हणताना ते हसले का, यावर माझा आणि बुधाजीचा वाद झाला. परत येताना मी त्याच्याकडून वचन घेतलं की कोणाला सांगायचं नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

वकिलांना फोन केला. मंचाकडून नवी नक्कल मागता येईल, पण अर्ज, फी, तारीख हे सगळं होऊन हातात यायला जून उजाडेल. दुकानदाराकडे गेलो. म्हणालो, काढून दे. तो माझ्याकडे दुःखाने बघत म्हणाला, "साईं, निकलनेवाला होता तो पचास साल की गारंटी देता क्या?"

मला जेवण गेलं नाही. बावीस घरांचे कागद मी माझ्या हाताने निकामी केले. कंपनीला दोन वर्षांत जे जमलं नाही ते मी एका शनिवारी करून दाखवलं.

रविवार, २४ फेब्रुवारी

प्रयोग माझ्याच पत्रावर करायचे असं ठरवलं, दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही. सकाळी फ्रीजरमध्ये ठेवलं. गार झालं. मग इडलीपात्रात वाफवलं. गरम झालं. अस्मिता म्हणाली, "पप्पा, चटणी करू का?" कॉलेजात गेल्यापासून तिची जीभ फार चालते.

दुपारी इस्त्री घेतली. वर फडकं टाकून फिरवली आणि काय सांगू, एक कोपरा सुटला. मी हळूहळू ओढत गेलो, अर्ध्यावर आलो आणि भारनियमनात वीज गेली. इस्त्री गार झाली, प्लास्टिक कडक झालं, पण मला आता थांबवेना. जोर केला. पत्राचे उभे दोन पापुद्रे झाले. पुढची बाजू एका प्लास्टिकला, मागची दुसऱ्या प्लास्टिकला. मंचाचा शिक्का एकीकडे आणि माझं नाव दुसरीकडे.

मायाने इस्त्रीच्या तव्याला चिकटलेलं प्लास्टिक सुरीने खरवडून काढलं.

रविवार, २ मार्च

बातमी फुटली. बुधाजी शपथ घेऊन म्हणतो, "मी कोनाला बोल्लो नाय. फक्त घरान बोल्लो." त्याच्या घरात नऊ माणसं आहेत आणि चामटोलीत अर्धा गाव त्याचा पाहुणा.

मीटिंग झाली. लोक जे बोलले ते इथे लिहीत नाही, डायरी मुलीच्या हाती पडू शकते. एकाने सुचवलं की सेक्रेटरीलाच लॅमिनेट करावं. त्याला अनुमोदन देणारे चौघे निघाले. मी राजीनामा दिला. तोही कोणी घेतला नाही, कारण मग हे निस्तरणार कोण.

मावशी सबंध मीटिंगभर पत्र मांडीवर घेऊन पुसत होत्या. शिव्यांचं काही वाटलं नाही, त्यांच्या त्या पुसण्याचं वाटलं. मीटिंग संपल्यावर मी जिन्याखाली उभा होतो तर त्या भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "सकाळपासून खाल्लं नाहीस म्हणली माया. खा आधी. घर जायचं असंल तर उपाशी राहून थांबणार हाय का?" मला तिथेच रडू आलं. चटणी तिखट होती असं मी सांगितलं.

शनिवार, ८ मार्च

अंबरनाथच्या एका बिल्डिंगचीही सुखछत्रशी हीच तडजोड झाली आहे. त्यांचे लोक फॅक्टरीच्या गेटवर भेटले. साधे कागद घेऊन गेले, गुरुदत्त साहेबांनी कागद आत नेले, दहा मिनिटांत सगळ्यांवर शिक्के मारून बाहेर आणले, वर चहा पाजला. त्यातल्या एकाने मला पत्र दाखवलं. मऊ, कोपरे दुमडलेलं, घामाने डागाळलेलं. इतका हेवा मला कोणाच्या कागदाचा कधी वाटला नव्हता.

शुक्रवार, १४ मार्च

जेवताना मायाने विचारलं, "अहो, तुमच्या मसाल्याच्या पुडीवर तारीख कशी छापतात?"

मी म्हणालो, मीच छापतो. आनंदनगरला आमच्या ताकमसाल्याच्या फॅक्टरीत पॅकिंग खात्यात अठरा वर्षं मी तेच करतो आहे. बॅच नंबर, तारीख आणि खाली 'पॅकिंगपासून सहा महिन्यांच्या आत वापरावे'. रबरी शिक्का, बॅचची शाई. दिवसाला चार हजार पुड्या.

"आणि पुडी कसली असते?"

"प्लास्टिकची."

"पुसून जात नाही?"

"पुसून गेली तर मालक मला ठेवील का?" मी म्हणालो. मला तिचा रागच आला. इथे माणसाची झोप उडाली आहे आणि हिला पुड्यांबद्दल कुतूहल. ती उठली, मोरीतून बादली आणली आणि पंजा माझ्याकडे करून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी म्हणालो, जेवताना बादलीचा विषय नको.

रविवार, १६ मार्च

आज सकाळी दाढी करताना मला एक विलक्षण कल्पना सुचली. एकदम, कुठूनही नाही. बॅचची शाई! प्लास्टिकवर बसते, सुकते, जात नाही. मी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो आणि मायाला सांगितलं. ती म्हणाली, "हो का? छान." अस्मिता मोठ्याने खोकत आत गेली. असो. अशा कल्पना लोकांना पचायला वेळ लागतो.

सोमवार, १७ मार्च

मालकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी शाईची बाटली, एक पॅड आणि सरावासाठी जुना रबरी शिक्का दिला. म्हणाले, शिक्का परत आणा, बाटली राहू द्या. त्यांचंही घर कर्जावर आहे.

संध्याकाळी मावशींकडे गेलो. मी म्हणालो, प्रयोग माझ्या पापुद्र्यावर करतो. मावशी म्हणाल्या, "तुझं आधीच फाटलंय. माझ्यावर कर. मला समोर बघू दे, बसतो का न्हाई." बिल्डिंगमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस उरलं होतं. मी म्हणालो, कोपऱ्यात नुसता ठिपका देतो.

शिक्का उचलला. अठरा वर्षांची सवय, माणूस काय करणार. मी पॅडवर दाबला आणि पुडीवर मारतो तसा खाडकन मारला. शिक्का बसला. सुरेख बसला, एक अक्षर फुटलं नाही. मावशींच्या हक्कपत्रावर, त्यांच्या नावाच्या बरोबर खाली: 'पॅकिंगपासून सहा महिन्यांच्या आत वापरावे'.

रॉकेल लावलं. स्पिरिट लावलं. मावशींनी चिंच लावली. जात नाही. मी भिंतीला टेकून बसलो. मावशींनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, "पण बसला की रे."

शनिवार, २९ मार्च

धुळवडीपासून सगळ्यांचा सराव चालू आहे. म्हणजे मी करतो आणि बाकीचे बघतात. बिल्डिंगमध्ये आता प्लास्टिकचा एकही डबा असा नाही ज्याच्यावर सहा महिन्यांची मुदत नाही. सहीचा प्रश्न अस्मिताने सोडवला. सीडीवर नाव लिहायचं मार्कर पेन असतं, ते प्लास्टिकवर चालतं. मुलगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

सोमवारी शेवटचा दिवस. मावशींच्या पत्राचं काय होईल हा एकच विचार डोक्यात आहे. बाकी एकवीस वाचले आणि त्या एकट्या माझ्यामुळे गेल्या, तर मी ह्या बिल्डिंगमध्ये राहू शकणार नाही. हे मी मायालाही बोललेलो नाही.

सोमवार, ३१ मार्च

क्रमाने लिहितो, हात अजून काळे आहेत.

बुधाजीच्या टेम्पोतून सगळे गेलो. जिन्यावर रांग लावली. गुरुदत्त साहेबांनी बावीस चकाकती पत्रं पाहिली आणि प्रेमाने म्हणाले, "काका, तुम्ही लॅमिनेशन काढलंच नाही."

मी पिशवीतून पॅड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "शिक्का तुमचा, शाई आमची."

"बाहेरची शाई चालत नाही."

तेव्हा माया पुढे आली. तडजोडीचा कागद तिच्या हातात होता. "यात लिहिलंय, कंपनीचा शिक्का. शाई कोणाची ते कुठं लिहिलंय साहेब? एकोणिसाव्या पानावर आहे का?" हा कागद दोनच पानांचा आहे. मागून कोणीतरी हसलं, मग सगळा जिना हसला. खालच्या कारखान्यातले कारागीरही वर बघायला आले.

साहेबांनी पहिलं बुधाजीचं पत्र घेतलं. शिक्का मारला. करंगळीने पुसलं. मग अंगठ्याने. मग रुमाल ओला करून. मग त्यांनी वास घेतला. "हिंगाचा वास का येतो?" मी म्हणालो, जिरं पण आहे. शेवटी त्यांनी शर्टाची बाही वापरली. बाही काळी झाली, शिक्का जागचा हलला नाही. मग मार्करने सही. एकामागून एक वीस झाली. माझ्या दोन पापुद्र्यांवर त्यांनी दोन वेगळे शिक्के मारले, कारण कुठला खरा ते त्यांना ठरवता येईना.

शेवटी मावशी. साहेबांनी पत्र हातात घेतलं आणि थांबले. "हे काय छापलंय? हे कोणी छापलं? असलं पत्र मी घेऊ शकत नाही."

शाळेतल्या पोरासारखा मी हात वर केला.

मावशी खुर्चीवर बसल्या, न विचारता. म्हणाल्या, "खरं तेच छापलंय बाळा. मी एकाहत्तर वर्षांची हाय. दोनदा दवाखान्यात जाऊन आले. माझी मुदत तेवढीच धर. तुमच्या कागदात लवकरात लवकर म्हणून लिवलंय. तुमचं लवकर कधी असतंय ते मला ठावं न्हाई. माझं सहा महिने हाय. त्याच्या आत घराचा कागद दे, म्हंजे मी माझ्या हातानं कपाटात ठेवीन."

गुरुदत्त साहेबांनी मावशींकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि त्या ओळीच्या अगदी खाली शिक्का मारून सही केली. मला वाटतं त्यांना फक्त आम्ही लवकर जायला हवं होतं. मावशींनी फुंकर मारून सुकवलं आणि म्हणाल्या, "तुझी आई हाय का रे?" ते म्हणाले, आहे. "मग जपून ऱ्हा."

शनिवार, ५ एप्रिल

अंबरनाथवाले धावत आले. त्यांच्या पत्रांवर शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात पेनाने एक ओळ घातलेली आहे: 'सर्व मागण्या पूर्ण, तक्रार नाही'. कागद दहा मिनिटं आत नेले होते, तेव्हा. यांनी चहा पिता पिता बघितलंच नाही. आता पुन्हा मंचाकडे जाणार आहेत बिचारे. आमच्यातले सहा जण त्यांच्यासोबत साक्षीला जाणार.

आमच्या पत्रांवर पेन चालतच नाही. मी घरी तपासून पाहिलं, रिफील नुसती घसरते. म्हणजे मी लॅमिनेशन केलं ते योग्यच होतं. कंपनीचा हा डाव मला आतून कुठेतरी आधीच जाणवला असावा. तसं मी मायाला म्हणालो. ती बटाटे चिरायला गेली.

बुधवार, १७ सप्टेंबर

बऱ्याच महिन्यांनी लिहितो. दर पूर्वीसारखा झाला, लिलावाची नोटीस रद्द झाली, पण करारनामे कोणालाच नाहीत. गुरुदत्त साहेब म्हणतात, लवकरात लवकर.

मावशी मात्र दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी पत्र घेऊन बुधाजीच्या टेम्पोतून जातात आणि साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसतात. काही मागत नाहीत. डबा खातात, साहेबांना चटणी देतात, किती महिने उरले ते सांगतात आणि येतात.

आज पेपरात आलं आहे की अमेरिकेत घरकर्जांच्या भानगडीत एक भलीमोठी बँक बुडाली. मी पार्किंगमध्ये वाचून दाखवलं. बुधाजीने विचारलं, "तिथं पन गुरुदत्तच व्हता काय?"

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मावशींना गुरुदत्त साहेबांचा फोन आला. कंपनीच्या हेड ऑफिसात कोणीतरी फायली तपासत होतं, त्याला साहेबांनी पाठवलेली मावशींच्या पत्राची झेरॉक्स सापडली. त्यावर छापील सहा महिने, आणि खाली कंपनीचाच ३१ मार्चचा शिक्का आणि सही. म्हणजे कंपनीने लेखी मुदत कबूल केली आहे, तीस तारीख उलटली तर मंचासमोर उत्तर द्यावं लागेल. त्यांची धावपळ उडाली आहे. आणि मावशींना सहा महिने तर बाकीच्यांना का नाही, असं आमच्या वकिलांनी आजच लिहून पाठवलं.

मला अभिमान वाटायला हवा, पण तसं काही वाटत नाही. मी त्या दिवशी नुसता ठिपका देणार होतो. तो जमला असता तर आज काय झालं असतं?

मंगळवार, ३० सप्टेंबर

मावशींचा करारनामा आला. गुरुदत्त साहेब स्वतः आणून देऊन गेले, चहा घेतला, बूट काढून आत बसले. मावशींनी एकेक पान उलटून पाहिलं. शेवटच्या पानावर त्यांचा सात वर्षांपूर्वीचा अंगठा होता, तेव्हा त्यांना सही येत नव्हती. आता येते आणि वाचताही येतं, अस्मिताने शिकवलं. त्या अंगठ्यावर त्यांनी आज आपला अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला.

मग सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, मी काहीही करणार नाही. मावशी म्हणाल्या, "माया, तू ठेव गं कपाटात. ह्याच्या हाती देऊ नको." आणि हसल्या. मीही हसलो. मायाने कागद ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली.

सगळे गेल्यावर मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, "हरी, आज सहा महिने भरले. मी हाय की अजून."

"आहात," मी म्हणालो.

"तो शिक्का हाय का तुझ्याकडं?"

होता. परत द्यायचं मार्चपासून राहून गेलं आहे. वरून घेऊन आलो. मावशींनी बाही वर करून मनगट पुढे केलं. "मार पुन्हा. सहा महिन्यांचा."

मी म्हणालो, "मावशी, ही शाई कातडीवर टिकत नाही. दोन आंघोळीत जाईल."

"मग मारत जा की दर आठवड्याला. कुठं लांब ऱ्हातोस?"

मी मारला. पुडीवर मारतो तसा नाही, हळू. अक्षरं जरा फुटली, पण वाचता येत होती. त्यांनी हात उजेडात धरून वाचलं, फुंकर मारली आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

मालकांना उद्या सांगावं लागेल की शिक्का सध्या परत मिळणार नाही.